बोलकं होण्याआधी कामाला लागा

बारावीची परीक्षा झाली की निकालापर्यंत बरेच दिवस हाताशी मोकळे असतात. ठाण्यातल्या बाळकुमात राहणाऱ्या मुलामुलींना काम शोधायला फार लांब जावं लागतं असंही नाही. बाळकुम नाक्यावरून कापूरबावडीकडे चालत निघालं तरी मेडिकल, बेकरी, स्टेशनरी, मोबाइल दुरुस्ती, दवाखाने, क्लासेस, पार्लर अशी कितीतरी दारं वाटेत लागतात. अडतं ते त्या दाराशीच. अनोळखी माणसाशी बोलताना ज्याच्या घशाला कोरड पडते तो मुलगा दुकानावरून दोनदा जातो, आत नजर टाकतो आणि घरी परत येतो. मग घरचे समजावतात, आधी जरा धीट हो, चार माणसांत बोलायला शीक, नोकरीचं नंतर बघू. सल्ला मायेचा आहे, पण त्यात क्रम उलटा लागला आहे. बुजऱ्या मुलाने पहिल्या कामासाठी स्वभाव बदलायची वाट पाहू नये. काम कोणतं निवडायचं आणि ते कसं मागायचं, हे त्याने असं ठरवावं की ऐनवेळी सुचेल ते बोलण्याचा प्रसंग कमीत कमी यावा. बोलणं मागून येतं, आणि बहुतेक वेळा कामाच्या नादातच येतं.

याला आधार आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात फिलिप झिम्बार्डो यांनी १९७० च्या दशकात बुजरेपणाची मोठी पाहणी केली. तुरुंगाच्या प्रयोगामुळे नाव झालेले तेच हे झिम्बार्डो. त्या प्रयोगावर पुढे भरपूर टीका झाली, बुजरेपणावरचं काम मात्र वेगळं आहे. त्या पाहणीत ४० टक्क्यांहून अधिक लोकांनी आपण बुजरे असल्याचं सांगितलं. त्याहून कामाचा आहे तो सुझन ब्रॉट आणि झिम्बार्डो यांचा १९८१ मधला एक प्रयोग. फार बुजऱ्या असलेल्या काही तरुणींना एका अनोळखी तरुणाशी गप्पा मारायला बसवलं होतं. त्यांतल्या एका गटाला आधीच सांगून ठेवलं, की इथे मोठ्या आवाजाचा मारा होणार आहे आणि त्यामुळे छाती धडधडेल. छाती त्यांची एरवीही धडधडायचीच. पण त्या दिवशी तिचा दोष आवाजावर ढकलता आला. या गटातल्या मुली बुजऱ्या नसलेल्या मुलींसारख्याच मोकळ्या बोलल्या. त्यांना संभाषणाचे धडे कोणी दिले नव्हते. बोलण्याची शक्ती होतीच, स्वतःच्या धडधडीवर खिळलेलं लक्ष फक्त दुसरीकडे वळलं होतं. म्हणून बुजऱ्या मुलाला व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात उभं करून 'आता सगळ्यांसमोर स्वतःबद्दल बोल' म्हणणं म्हणजे त्याचं लक्ष नेमकं त्याच्यावरच आणून ठेवणं. हातात माल, समोर बिल आणि डोक्यात पुढचं काम असेल तर ते लक्ष आपोआप हलतं.

बाळकुमच्या बाबतीत एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. हा भाग एकेकाळी कंपन्यांचा. कोलशेत रस्त्यावर बायर आणि क्लॅरियंटसारखे रासायनिक कारखाने होते, आणि १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाल्यावर तिची पहिली वसाहत ठरलेली वागळे इस्टेटही जवळच. त्या काळी घरातलं कोणी कंपनीत असलं की मुलाचं नाव पुढे जायचं आणि तो चिकटायचा. मुखदुर्बळ पोराची त्यात सोय व्हायची, कारण त्याच्या वतीने बोलणारं कोणीतरी असायचं. क्लॅरियंटच्या जागेवर आता लोढा अमाराचे मनोरे आहेत. कारखाने गेले आणि मनोऱ्यांच्या पायथ्याशी दुकानं, सुपरमार्केट, दवाखाने, घरपोच किराणा पोचवणाऱ्यांची छोटी गोदामं आली. इथला मालक अनोळखी असतो. त्याला तुमचे वडील ठाऊक नसतात, आणि 'माणूस हवा आहे' ही पाटी तो लावेलच असं नाही. म्हणजे बुजरेपणाची किंमत आजच्या मुलाला त्याच्या काकापेक्षा जास्त मोजावी लागते. पोर मुळातच दुबळं आहे असा अर्थ कोणी त्यातून काढू नये.

आता कामाच्या निवडीकडे. बुजऱ्या मुलाला मागच्या खोलीतलं, कोणाशी बोलावं न लागणारं काम द्यावं, असं घरच्यांना आणि त्याला स्वतःलाही वाटतं. कशेळीच्या पुलापलीकडे काल्हेर, पूर्णा, माणकोलीपर्यंत गोदामं पसरली आहेत. तिथे माल उचलणं, स्कॅन करणं, पॅक करणं हे काम तोंड न उघडता होतं. अठरा पूर्ण झालेल्यांना तो मार्ग आहेच, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण पहिल्या कामासाठी मी गोदामाआधी छोट्या दुकानाचं काउंटर सुचवीन, आणि हे वाटतं तितकं उफराटं नाही. बुजऱ्या माणसाला भीती वाटते ती न ठरलेल्या बोलण्याची. लग्नात एखादी मावशी 'काय रे, पुढे काय करणार?' विचारते तेव्हा बोलती बंद होते, कारण उत्तर ठरलेलं नसतं. काउंटरवरचं बोलणं मात्र ठरलेलं असतं. 'पिशवी हवी का?' 'यूपीआय करताय की कॅश?' 'स्कॅनर तिकडे आहे.' 'सुट्टे असतील तर बघा ना.' या पाच-सात वाक्यांत दिवस निघतो. तिसऱ्या दिवशी ती विचार न करता तोंडून निघू लागतात आणि पहिल्या आठवड्याअखेर त्यांत एखादं आपलं वाक्य मिसळतं. घोडबंदर रस्त्याकडच्या बड्या सोसायट्यांजवळच्या दुकानांत इंग्रजी बोलावं लागेल, ही धास्ती पुष्कळ मराठी मुलांच्या मनात असते आणि ती बुजरेपणाच्या नावावर खपून जाते. तिथेही लागतात ती अशीच मोजकी, पाठ करता येणारी वाक्यं.

मेडिकलचं उदाहरण घेऊ. औषध देणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टचं काम, त्यात मदतनिसाने हात घालू नये. पण माल आला की खोकी उघडायची, बिलाशी ताडून बघायची, बॅच नंबर आणि एक्स्पायरी वाचायची, जवळची तारीख पुढे आणि लांबची मागे अशी रचना करायची, संपत आलेल्या वस्तूंची वहीत नोंद करायची, हे सगळं मदतनीस करतो. गडबडीत नजर चुकली तर दुकानदाराला फटका बसतो. त्यामुळे गप्प, टापटिपीचा, दोनदा तपासून बघणारा मुलगा इथे मालकाला बोलघेवड्यापेक्षा जास्त आवडतो. स्टेशनरी-झेरॉक्स, वाचनालय, पॅथॉलॉजीचं नमुने स्वीकारण्याचं केंद्र, दंतवैद्याच्या दवाखान्यातली नोंदवही, क्लासमधले पेपर तपासणं आणि हजेरी मांडणं, ही सगळी याच जातीची कामं. बेकरी किंवा खाद्यपदार्थांच्या दुकानात वैद्यकीय तपासणीचा दाखला मागतील. तो नियमच आहे, अपमान वाटून घेऊ नये. टाळायची ती कामं वेगळी: फोनवरून क्रेडिट कार्ड किंवा विमा विकणं, जिमची मेंबरशिप गळ्यात मारणं, मॉलमध्ये येणाऱ्याजाणाऱ्याला हटकून पत्रकं देणं. त्यांत नकार पचवणं हाच कामाचा मुख्य भाग असतो, आणि पहिलीच नोकरी तशी असली तर बुजरं मूल दुसरी शोधायला बाहेरच पडत नाही.

हंगामी काम सुरुवातीला सगळ्यात सोयीचं. गणपतीआधी मूर्तींच्या कारखान्यांत आणि मखराच्या दुकानांत, दिवाळीत फराळ आणि भेटवस्तूंच्या पॅकिंगला, जूनमध्ये वह्या-गणवेशांच्या दुकानांत जादा हात लागतात. तेव्हा दुकानदार प्रश्न कमी विचारतो, कारण त्यालाच घाई असते. शिवाय कामाला शेवटची तारीख असते. 'दिवाळी झाली की सुटका' हे माहीत असलं की बुजरा मुलगा पाऊल टाकतो, आणि चांगलं काम करणाऱ्याला दुकानदार पुढेही बोलावतो.

वयाचा मुद्दा इथेच निकालात काढू. १९८६ च्या बालमजुरी कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार १४ ते १८ वयाच्या किशोरांना खाणी, ज्वलनशील व स्फोटक पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया सोडून इतर ठिकाणी काम करता येतं, पण अटींवर. सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, त्यानंतर किमान तासभर सुट्टी, ती धरून दिवसाचे एकूण सहा तास, संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत काम नाही, ओव्हरटाइम नाही, आठवड्याला एक दिवस रजा. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलाला मॉलची रात्री दहापर्यंतची पाळी देता येत नाही, त्याने कितीही हौस दाखवली तरी. बुजऱ्या मुलाला हे नियम पाठ असणं फार गरजेचं आहे, कारण 'जरा थांब रे आज' म्हटलं की तो थांबतो. 'कायद्याने सातनंतर थांबता येत नाही, काका' या वाक्यात भांडण नाही आणि उद्धटपणाही नाही. घरापासून चालत जाता येईल असंच काम पहिल्यांदा बघावं, ते वेळेत परतता यावं यासाठीही. मुलींच्या बाबतीत घरचे परतीची वेळ आधी विचारतात. नियमात बसणारी वेळ ठरवूनच विषय काढला तर अर्धा विरोध मावळतो.

काम मागायचं कसं, हा खरा अवघड भाग. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांची पाहणी केली आणि १९७३-७४ मध्ये तिचे निष्कर्ष मांडले. निम्म्याहून अधिक लोकांना नोकरी ओळखीतून कळली होती. त्या ओळखी जवळच्या मात्र नव्हत्या. कधीमधी भेटणाऱ्या किंवा क्वचितच दिसणाऱ्या माणसांकडून बातमी आली होती. कारण सरळ आहे. घरच्यांना आणि जिवलग मित्रांना तेवढंच माहीत असतं जेवढं आपल्याला असतं. ती पाहणी शिकलेल्या, बऱ्या हुद्द्यांवरच्या माणसांची होती, दुकानातल्या मदतनिसांची नव्हती, हे खरं. पण बातमी कशी फिरते याचं तिचं स्पष्टीकरण बाळकुमालाही लागू पडतं. बुजऱ्या मुलाला मित्र कमी असतात, दूरच्या ओळखी मात्र इतरांइतक्याच असतात. इमारतीचा सेक्रेटरी, इस्त्रीवाला, जुने क्लासचे सर, मंडळातले दादा, रोज दूध टाकणारा, आईच्या बचत गटातल्या बायका. दूध टाकणारा दिवसाला किती दुकानांत जातो याचा विचार करा. त्याला एवढंच सांगायचं, 'दादा, मी दोन महिने काम शोधतोय, कुठे माणूस हवा असेल तर सांगाल का?'

यावर स्वाभिमानी मुलं म्हणतात, हा तर वशिला झाला. तसं नाही. लायकी नसताना दुसऱ्याचा हक्क डावलून जागा मिळवणं हा वशिला. जागा रिकामी आहे एवढं कळणं आणि 'पोरगा सरळ आहे' असा शब्द कोणी टाकणं, यात कोणाचा घास काढून घेतला जात नाही. दुकानदार गल्ल्याशेजारी अनोळखी मूल उभं करताना घाबरतो. त्या एका शब्दाने त्याची भीती कमी होते. पुढे काम तुम्हालाच करून दाखवायचं असतं.

दुसरी शंका अशी, की सगळं ऑनलाइन असताना तोंडाने मागायचंच कशाला? ॲपवर अर्ज जरूर करावेत. पण नाक्यावरचा बेकरीवाला ॲपवर जाहिरात देत नाही, आणि अठरा-वीस वर्षांच्या मुलाने ॲपवर नंबर टाकला की पहिले फोन येतात ते टेलिकॉलिंगवाल्यांचेच. अचानक आलेला अनोळखी फोन ही बुजऱ्या माणसाची सगळ्यात मोठी परीक्षा; त्याने तो उचलला नाही तर अर्ज वाया जातो. त्यापेक्षा मधला मार्ग बरा. आधी लिहायचं, मग जायचं. बहुतेक दुकानांच्या पाटीवर व्हॉट्सॲपचा नंबर असतो. त्यावर असा मजकूर पाठवता येईल: 'नमस्कार काका. मी बाळकुम पाडा नंबर दोनमध्ये राहतो. बारावीची परीक्षा दिली आहे, वय सतरा. १५ जूनपर्यंत रोज सकाळी दहा ते दुपारी तीन काम करू शकतो. माल लावणं, हिशेब आणि कॉम्प्युटरवर नोंदी करणं जमतं. माणूस हवा असेल तर उद्या चार वाजता येऊन भेटू का?' यात विनवण्या नाहीत, स्वतःची स्तुती नाही, आणि दुकानदाराला जे विचारावं लागलं असतं ते सगळं आलं. जायची वेळही विचारपूर्वक निवडावी. सकाळी माल येतो, संध्याकाळी गर्दी असते. दुपारी तीन-चारच्या सुमारास मालक पेपर चाळत बसलेला असतो. आत जाताना हाच मजकूर कागदावर लिहून न्यावा. शब्द सुचले नाहीत तर कागद पुढे करावा. त्याने कोणी हसत नाही. उलट, पोर तयारी करून आलंय हे दिसतं.

नकार येतीलच. पण ते किती येतील याचा आपला अंदाज चुकतो, आणि तो ठरावीक दिशेनेच चुकतो. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना अनोळखी माणसांकडे छोटी मदत मागायला पाठवलं होतं. किती जणांना विचारावं लागेल, असं आधी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलेला आकडा प्रत्यक्षात लागलेल्या संख्येहून कितीतरी मोठा निघाला. नोकरी ही छोटी मदत नव्हे, हे मान्य. तरी पहिल्या फेरीत नोकरी मागूच नका; माहिती मागा. 'इथे सुट्टीत मुलं ठेवता का, आणि कधी ठेवता?' याचं उत्तर द्यायला दुकानदाराचं काही जात नाही, आणि 'दिवाळीत ये' एवढं जरी मिळालं तरी पुढच्या वेळी तुम्ही अनोळखी राहत नाही.

मुलाखतीत गप्प माणूस मार खातो हे खरं आहे, पण मुलाखत हीच पारख करण्याची बरी रीत आहे असं कोणी समजू नये. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा मोकळ्या गप्पांसारखी मुलाखत माणूस पुढे काम कसं करील हे सांगण्यात मागे पडली; प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणं पुढे निघालं. म्हणून बुजऱ्या मुलाने बोलण्याच्या जागी काम मांडावं. 'काका, आज दोन तास काम करून दाखवू का? पटलं तर ठेवा.' कपाटातला एक कप्पा लावून दाखवला, आकड्यांचा एक कागद बिनचूक टाइप करून दिला, की पुढचं पुष्कळ बोलणं वाचतं. मात्र ही चाचणी तास-दोन तासांची. आठवडाभर 'ट्रायल' म्हणून फुकट राबवून घेणाऱ्याला नमस्कार करावा आणि बाहेर पडावं. बायोडेटाही याच हिशोबाने लिहावा. 'कष्टाळू, जिद्दी' असली विशेषणं सगळेच लिहितात. वर्गाच्या सहलीचे पैसे गोळा करून हिशेब दिला, मंडळाची वर्गणी वहीत मांडली, घरच्या आजारी आजीच्या औषधांच्या वेळा सांभाळल्या, ही खरी कामं लिहावीत.

पालकांचं दोन्ही बाजूंनी चुकतं. काही आया मुलाला हाताला धरून दुकानात नेतात आणि सगळं स्वतःच बोलतात. मालक मनात म्हणतो, हा गिऱ्हाइकाशी काय बोलणार? सोबत जायचंच असेल तर रस्त्यापलीकडे थांबावं. काही घरांत याउलट 'शिकायच्या वयात नोकरी कशाला' म्हणून विषयच बंद केला जातो. ज्या घरात मुलाच्या पगाराची गरज असते तिथे हा प्रश्न कोणी विचारत नाही, हे आधी लक्षात घ्यावं. आणि शिक्षण व कष्ट यांचं वैर महाराष्ट्राने कधीच मोडून काढलं आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली ती कमवा आणि शिका या पायावर. आक्षेपात तथ्य आहे ते तासांपुरतं. एलन ग्रीनबर्गर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी १९८० च्या दशकात कमावत्या शाळकरी मुलांचा अभ्यास करून इशारा दिला, की आठवड्याला वीस तासांच्या वर काम गेलं की अभ्यासावर परिणाम दिसू लागतो. तेव्हा कॉलेज चालू असताना पंधरा-वीस तासांची मर्यादा ठेवावी, आणि दहावी-बारावीच्या वर्षात काम नकोच.

बुजऱ्या मुलाला खरा धोका असतो तो फसवणुकीचा, कारण त्याला नाही म्हणता येत नाही. नोंदणी फी, गणवेशाची अनामत, प्रशिक्षणाचा खर्च असं काहीही आधी मागणारी नोकरी ही नोकरी नसते. मूळ गुणपत्रिका किंवा आधार कार्ड ठेवून घ्यायचा कोणालाही अधिकार नाही. झेरॉक्स द्यावी आणि तिच्यावर कशासाठी दिली ते लिहावं. टेलिग्रामवरची 'घरबसल्या लाइक करा, पैसे मिळवा' ही टास्कची कामं बुजऱ्या मुलांना विशेष भुरळ घालतात, कारण त्यांत कोणाशी बोलायचंच नसतं. त्याहून वाईट म्हणजे 'तुझं खातं वापरू दे, महिन्याला पैसे देतो' असं सांगणारे. त्या खात्यातून चोरीचा पैसा फिरतो आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या दारी. पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. नाही म्हणायचं वाक्यही आधीच ठरवून ठेवावं: 'घरी विचारून सांगतो.' पळवाट आहे, पण वेळ मारून नेते.

ज्याला दारोदार विचारणं काही केल्या जमणार नाही, त्याला एक सरकारी, कागदावर चालणारा मार्ग आहे: शिकाऊ उमेदवारी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना उमेदवार घ्यावेच लागतात. बिनधोक्याच्या कामांसाठी किमान वय १४ आहे. २०१९ मध्ये ठरलेलं महिन्याचं किमान विद्यावेतन दहावी उत्तीर्णाला ६,००० आणि बारावी उत्तीर्णाला ७,००० रुपये होतं. केंद्राच्या ॲप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करता येते, ठाण्याच्या शासकीय आयटीआयमध्ये माहिती मिळते. अठरा पूर्ण झालेल्या बारावी उत्तीर्णांसाठी राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, ती महास्वयम पोर्टलवरून. या वाटांवर अर्ज, कागदपत्रं, करार असं सगळं ठरलेलं असतं, म्हणून बुजऱ्यांना त्या मानवतात. दुकानाइतक्या लवकर मात्र काम सुरू होत नाही.

काही मुलांचं प्रकरण बुजरेपणाच्या पलीकडे गेलेलं असतं. दुकानात जायच्या विचारानेच रात्रभर झोप लागत नाही, उलटी होते, कॉलेजही सुटायला लागतं. तिथे वरचे उपाय पुरे पडणार नाहीत आणि धाक दाखवून तर मुळीच भागणार नाही. ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था आहे, आणि १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येतं. नोकरी थोडी मागे राहिली तरी चालेल.

काम मिळाल्यावर पहिले आठ-दहा दिवस रोज वाटतं, आपण कोणाला आवडत नाही. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं, की नव्या ओळखीच्या संभाषणानंतर समोरच्याला आपण किती आवडलो याचा अंदाज माणसं कमीच करतात, आणि बुजऱ्यांमध्ये ही तफावत जास्त असते. तेव्हा पहिल्या आठवड्यात मनाने दिलेल्या निकालावर नोकरी सोडू नये. पगार किती, कोणत्या तारखेला आणि कसा मिळणार हे पहिल्याच दिवशी मेसेजवर लिहून घ्यावं. समोरासमोर विचारायला जीभ रेटत नसेल तर संध्याकाळी घरून पाठवावं. बँकेत स्वतःचं खातं उघडावं आणि पगार शक्यतो त्यातच मागावा, म्हणजे पुढे दाखवायला नोंद राहते. सोडायचं झालं तर आठवडाभर आधी सांगावं आणि जाताना अनुभवाचा दाखला मागावा. छोट्या दुकानाकडे लेटरहेड नसतं. बिलबुकाच्या कोऱ्या पानावर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि काय काम केलं ते मालकाच्या हातून लिहून घ्यावं, खाली सही आणि दुकानाचा शिक्का, शेजारी त्यांचा फोन नंबर. चौकशीचा फोन आला तर बोलाल ना, एवढं तेव्हाच विचारून ठेवावं.